टीएसएच बासष्ट

शहाण्णव सालच्या मे महिन्यात कौशल्याचा रक्ताचा रिपोर्ट आला, तेव्हा तिचा नवरा येसाजी तो घेऊन तडक माझ्याकडे आला. मी निवृत्त विज्ञान शिक्षक, बंगळूरच्या जयनगरातला त्यांचा शेजारी. मागोमाग त्याची बारा वर्षांची मुलगी रम्याही आली. वर्षभर कौशल्या बसल्या जागी पेंगायची, ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालायची, आणि घरचे तिला आळशी म्हणून चिडवायचे. आता कुणी चिडवत नव्हते.

टीएसएच हे संप्रेरक बासष्ट होते. हवे पाचाच्या आत. ते डोक्यातल्या पिट्यूटरी ग्रंथीतून येते, असे लॅबवाल्याने सांगितले, आणि येसाजीने ठरवूनच टाकले की डोक्यात गाठ आहे. डॉक्टर सोमवारी भेटणार होते. तोवर बायकोला काय सांगायचे, हे विचारायला तो आला होता.

सांगितलेले उत्तर विसरते, शोधलेले राहते. मी रम्याला जवळ बसवले. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या तुमच्या वर्कशॉपात माल कमी निघाला तर काय होते, असे विचारले. पिराजीमामा ओरडतो, ती म्हणाली. पिराजी त्यांचा फोरमन. मग मी कागदावर चित्र काढले: गळ्यातली थायरॉइड म्हणजे लेथ, टी-फोर तिचा माल, आणि टीएसएच म्हणजे वर डोक्यात बसलेल्या फोरमनचे, पिट्यूटरीचे, ओरडणे. आता रिपोर्टात टी-फोर बघ, म्हटले. तो अगदीच कमी होता.

तिने कागदावरच्या फोरमनवर बोट ठेवले.

"फोरमन ओरडतोय म्हणजे त्याला कळतंय," ती वडिलांना म्हणाली. "तो ठीक आहे. लेथच बिघडलंय. अप्पा, तुम्ही परत पिराजीमामालाच धरलंत."

येसाजी ओशाळला. मागच्याच महिन्यात लेथचा पट्टा सैल झाला होता, आणि याने कटकट करतो म्हणून पिराजीलाच झापले होते.

"आणि फोरमनच झोपला असता तर?" मी विचारले.

"माल कमी, ओरडणंही कमी. मग डोकं तपासायचं."

येसाजी कानडीत "सरी", म्हणजे बरं, एवढेच म्हणाला आणि घरी जाऊन बायकोला सगळे सांगून मोकळा झाला.

सोमवारी डॉक्टरांनीही बिघाड गळ्यातच असल्याचे सांगितले आणि रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. दिवाळीपर्यंत कौशल्या पहाटे पाचला उठू लागली. वर्षभर तुंबलेली कामे तिने नवऱ्याला वाटून दिली. तेव्हापासून रविवारी दुपारी येसाजी झोपायला माझ्याकडे येऊ लागला.