पेंटरच्या दुर्बिणीखालचा ठोकळा

मी ठोकळा बोलतोय. शनी, गुरू, चंद्र या सगळ्यांना मी माझ्या खांद्यांवर तोलून धरलंय आणि आजवर त्यातला एकही खाली पडू दिलेला नाही. आता खरं सांगतो. माझ्या खांद्यांवर असतं ते एक नळकांडं. ग्रह आपापल्या जागी असतात, त्यांना माझा पत्तासुद्धा ठाऊक नाही. आणि ते नळकांडं येण्याआधी बरेच महिने माझ्यावर जे होतं, ते दुकानदाराचं बूड.

दुर्बिणीखालचा स्टँड म्हणजे मी. माझं दुकानातलं नाव परदेशी आणि लांबलचक. मला ते धड उच्चारता येत नाही. दुकानदारालाही येत नव्हतं, म्हणून तो नुसतं बोट दाखवायचा. जाड प्लायवूडच्या दोन बाजू, समोर एक आडवी फळी, खाली गोल पाट आणि पाटाखाली तीन बुटके पाय. बाजूंच्या माथ्यावर अर्धगोल खाचा आहेत, त्यांत नळकांड्याचे कान बसतात. वर-खाली बघायचं तर नळकांडं झुकवा, डावी-उजवीकडे जायचं तर मला ढकला. मोटर नाही, चावी नाही, वायर नाही. माझं शिक्षण एवढंच झालं: ठेवाल तिथे राहायचं. शाळेत अशा मुलांना मठ्ठ म्हणतात.

मला घडवलं एका सुताराने. फळ्या घासताना तो शिट्टी वाजवायचा आणि तीही बेसूर. माझा एक कोपरा जरासा तिरका आहे, तो त्या शिट्टीमुळेच, असं माझं ठाम मत आहे.

दुकानात माझ्या शेजारी आणखी दोन स्टँड होते. एक लांबनळ्या, तीन काटकुळ्या पायांवर उभा. कुणी शिंकलं तरी तो घाबरायचा. दुसरा चकचकीत, एका बाजूला लोखंडी वजनं आणि अंगभर फिरवायच्या बारीक चाव्या. त्याला मी जावईबापू म्हणायचो, कारण नटून बसायचं आणि कौतुकाची वाट बघायची, एवढंच त्याचं काम. गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी त्याच्याकडे न्यायचा. माझ्यावर फळी टाकून तो डबा खायचा.

पुढची हकिकत मला नंतर कळली, पण तुम्हाला आधीच सांगून टाकतो. माझ्या पोटात काही राहत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मी बरोबर याच्या उलट वागणार आहे.

गावात एक पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. पट्टी न लावता एका दमात सरळ रेघ ओढायचा, लोक रस्त्यात थांबून बघायचे. मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. एका औषधाच्या दुकानाच्या पाटीवर त्याचा काना ओढ्यासारखा वळणं घेत खाली आला. मालक म्हणाला, "वा, नवीन फॅशन का?" पेंटर हसला, घरी आला, ब्रश धुतले, एकेक करून पुसले आणि माळ्यावर टाकले. बायकोला म्हणाला, "आता सगळं छापूनच येतं. पेंटरचे दिवस संपले."

छापून येत होतं हे खरं. पण ते कितीतरी वर्षांपासून येत होतं.

त्याच्या बायकोला सगळे पेंटरीण म्हणतात. तिने जन्मात ब्रश धरला नाही. तिची हयात एका ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा वाटण्यात गेली. तिने हाताचं नाव काढलं नाही, त्यानेही काढलं नाही. दोघं असे वागत होते, जणू तो हात शेजाऱ्यांचा आहे आणि दोन दिवस राहायला आलाय.

मग पेंटर दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. बरेच दिवस असे गेल्यावर एकदा कुणाकडून तरी आरशाची दुर्बीण घेऊन आला. नळकांड्याच्या बुडाशी आरसा आणि खाली लांबनळ्याचा सख्खा भाऊ. गडी उठला, जेवायला लागला, गच्ची झाडायला लागला. पण चंद्राकडे दुर्बीण लावली की चंद्र थरथरायचा. "स्टँड भिकार आहे," पेंटर म्हणायचा. होताच भिकार. पण ते निम्मंच खरं होतं. हात थरथरायचा आणि तो काटकुळा ती थरथर जशीच्या तशी वर पोचवायचा. चहाडखोर जात!

चार-पाच संध्याकाळी झाल्या आणि पेंटर म्हणाला, "देऊन टाकतो कुणाला तरी. या वयात कशाला हवीत ही थेरं?" आणि फडकं घेऊन नळकांडं पुसायला लागला. ब्रश पुसले होते ना, अगदी तसंच.

ब्रश पुसले तेव्हा पेंटरीण गप्प बसली होती. या वेळी तिने पायात चपला अडकवल्या.

ती दुकानात आली तेव्हा दुकानदार माझ्यावर बसून पोळी खात होता. तिने स्टँड मागितला. त्याने हात पुसत जावईबापूंची आरती सुरू केली. "वहिनी, हा घ्या. राजा माणूस आहे. या चाव्या बघा, बोटाच्या टोकाने फिरवायच्या. केसाएवढा सरकतो."

"बोटाच्या टोकाने?"

"अगदी टोकाने!"

"मग नको," ती म्हणाली. "अख्ख्या हाताने ढकलायचा नाही का एखादा? आणि एक चहा सांगा. काठोकाठ भरलेला."

दुकानदाराला वाटलं, बाईला चहाची तल्लफ आली. चहा आला. तिने तो लांबनळ्याच्या पायांमधल्या छोट्या तबकात ठेवला आणि वरून त्याच्या डोक्यावर सणसणीत चापट मारली. निम्मा चहा जमिनीवर. "दुसरा सांगा," ती म्हणाली. मग जावईबापू. त्यांनी चहा सांडला थोडाच, पण अंगातली थरथर काही केल्या थांबेना. कपातल्या चहावर कितीतरी वेळ वर्तुळं उठत राहिली. पेंटरीण कमरेवर हात ठेवून बघत उभी.

"अहो वहिनी, तुम्हाला दुर्बीण लावायचीय की हॉटेल काढायचंय?"

"तुमच्या बुडाखाली काय आहे ते दाखवा," ती म्हणाली.

तो उठला. तिने माझ्यावरच्या फळीवर कप ठेवला आणि माझ्या कुशीत अशी चापट मारली, की सुताराची शिट्टी आठवली. मी हललो नाही, असं सांगणार होतो. पण खोटं कशाला बोलू? एक थेंब सांडला. तोही घाबरून. फळीवरून ओघळून माझ्या खांद्यावर आला, त्याचा डाग अजून आहे. मग चहा जागच्या जागी असा निपचित पडला, जसा जेवल्यावर दुकानदार पडायचा. पेंटरिणीने मला तळव्याने ढकललं, मी सरकलो. सोडलं, मी थांबलो.

"हाच बांधा."

"पण हा दिसायला काही..."

"देखणा एक आहे घरी. तेवढं पुरे."

घरी नेताना मी जिन्याच्या वळणावर अडकलो. हमाल घामाघूम. वरून पेंटर ओरडला, "हा ठोकळा कुठून उचलून आणलास? परत कर!" माझं नाव पडलं ते असं. पेंटरीण खालून म्हणाली, "जाणार नाही परत. नाहीच निघाला, तर इथेच बसवते. सगळी बिल्डिंग वाकून चंद्र बघेल."

पेंटर तणतणत खाली आला. पण माणूस हयातभर जिन्यांतून मोठमोठ्या पाट्या नेणारा. नजर बसली की बसली. "अरे, असा नाही. आडवा पाड. आता डोकं भिंतीकडे. उचल." मी लोण्यातून सुरी निघावी तसा निघालो. आपणच आपल्या हाताने हा ठोकळा वर घेतला, हे त्याला गच्चीवर पोचल्यावर कळलं. पेंटरीण पदराआड हसली. मला हसता येत नाही, म्हणून करकरलो.

दिवेलागणीला त्याने नळकांडं माझ्या खांद्यांवर चढवलं. आणि मला बोटाच्या टोकांनी असा शिवला, जसं ओल्या रंगाला शिवतात. मी कशाला हलतोय! "जाम आहे हा. फुकट गेले कष्ट." त्याने फडकं शोधायला खिशात हात घातला.

"अहो, पाटी रंगवताय का?" पेंटरीण म्हणाली. "बिघडलेली गाडी ढकलतात तसा ढकला की!"

त्याने चिडून अख्खा तळवा टेकला, वर कोपरही टेकलं आणि ढकललं. मी वळलो. तेव्हा पहिल्यांदा तो हात मला कळला. आत सतत काहीतरी फडफडत होतं, मुठीत धरलेल्या चिमणीसारखं. ते माझ्या फळीत उतरलं, पाटात गेलं, पायांत गेलं आणि तिथेच जिरलं. वर काही गेलं नाही. मी बोलघेवडा, टवाळ, गावभर बोंब मारणारा. पण हे मात्र मी पोटात ठेवलं.

पेंटरने डोळा लावला. त्याने हात काढून बघितलं. मग मुद्दाम परत ठेवला. परत काढला, परत ठेवला.

"अगं ये," तो म्हणाला. "शनी आहे. कडं दिसतंय. एका दमात ओढल्यासारखं."

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आता मी गच्चीतच असतो, अंगावर पेंटरचा जुना रेनकोट. दमट हवेत फुगतो आणि कुरकुरतो, म्हातारपण म्हणतात ते हेच असावं. खांद्यावरचा चहाचा डाग बघून बिल्डिंगमधली मुलं विचारतात, हे काय? पेंटर सांगतो, शनी उतरला होता. थापेबाजीत तो माझा बाप आहे. तुम्ही कधी दुर्बिणीला स्टँड घ्यायला गेलात, तर एवढंच सांगणं: चाव्या मोजू नका, चकाकी बघू नका. हाणा एक चापट, आणि थरथर किती वेळात विझते ते बघा. कोपऱ्यात कुणी डबा खात बसला असेल, तर त्यालाही जरा उठवा.

परवाची गोष्ट. पेंटरचा हात आता जास्तच फडफडतो, दोन्हीही फडफडतात. तरी त्याने मला बरोबर चंद्रापाशी आणलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि छाती फुगवून म्हणाला, "बघितलंस? हा गडी अगदी माझ्यासारखा. कितीही धक्के बसू देत, हलत म्हणून नाही!"

पेंटरीण चहाचा कप घेऊन आली होती, निम्माच भरलेला. हल्ली ती त्याला निम्माच देते. तो तिने त्याच्या दोन्ही हातांत नीट बसवला आणि म्हणाली, "हलतो हो तोही. पण दाखवत नाही. तुम्हाला तेवढं जमत नाही, म्हणून तर त्याला घरी आणला."