उगवलेली फौज

सारिकाने साठावा मावळा औषधाच्या बाटलीच्या झाकणावर चिकटवला, तीन केसांच्या ब्रशाला टोक काढलं आणि त्याला नजर दिली. डोळे नेहमी शेवटी. हे ती महाडच्या गणपतीच्या कारखान्यात शिकली. दहा वर्षं तिथे ती डोळ्यांची आखणी करते. दरसाल पाचशे-सहाशे मूर्ती तिच्या हाताने बघायला लागतात, आणि कारखान्याच्या पाटीवर नाव सदूशेठचं. गिऱ्हाइकाने "काय जिवंत डोळे आहेत हो, कोणी आखले?" असं विचारलं की सदूशेठ स्वतःच्या छातीवर हात ठेवतो. सारिका तिथेच पाटावर बसलेली असते. बोटांना रंग असतो. तिला कोणी विचारत नाही, आणि तीही गप्प बसते. ह्या गप्प बसण्याचा तिला स्वतःचाच राग येई.

मावळ्यांची भानगड आणली प्रवीणने. हा तिचा चुलत भाऊ, मुंबईत नोकरीला. तो आणि त्याचे दोस्त सुट्टीच्या दिवशी टेबलावर लढाया खेळतात. पुठ्ठ्याचे डोंगर, दोऱ्याची नदी. फासे टाकायचे, टेपने अंतर मोजून फौज पुढे सरकवायची. पोरखेळ म्हणून हसणाऱ्यांनी एकदा खेळून बघावं, घाम फुटतो. शिपाई अंगठ्याच्या पेराएवढे, मशिनीतून छापून निघतात ते राखाडी आणि नागडे. त्यांना माणसात आणायचं काम रंगवणाऱ्याचं.

आधीच्या दोन फौजा प्रवीणने मुंबईत "मीच रंगवल्या" म्हणून मिरवल्या होत्या. सारिकाने मोबाइलवर फोटो बघितले आणि त्याला फोनवर असा झाडला की शेजारची आवडीकाकू अंगणात येऊन उभी राहिली. म्हणून ह्या खेपेला त्याने आईची शपथ घेतली. खेळ महाडच्या हॉलमध्ये होणार होता, सगळ्यांत चांगल्या रंगवलेल्या फौजेला ढाल मिळणार होती, आणि फौजेपुढच्या कार्डावर नाव सारिकाचं लागणार होतं. तिला ढालीचं काही नव्हतं. तिला ते कार्ड पाहिजे होतं.

तिने जीव ओतला. मावळ्यांना गोरे गाल दिले नाहीत, भर उन्हात लावणी करणाऱ्या माणसाचे दिले. पाय घोट्यापर्यंत लाल चिखलाने माखले.

"पाय कशाला घाण केलेस गो?" प्रवीणने विचारलं.

"जावळीच्या रानात उतरलेला माणूस पाय धुऊन लढतो होय रे?"

मग पाट. शिपाई ज्या चकतीवर उभा राहतो तिला मुंबईवाले बेस म्हणतात. सारिका कारखान्याच्या सवयीने पाट म्हणायची. प्रवीणने त्यासाठी पिवळ्या वाळूची पुडी आणली होती. ती तिने उंबऱ्याबाहेर ओतली. आपल्याकडची जमीन अशी असते का? परसातली तांबडी माती फडक्यातून चाळली, फेविकॉलमध्ये कालवली, पाटांवर थापली. आता दगड हवेत. बारीकातली बारीक खडी ठेवली तरी मावळ्यापुढे कडा कोसळल्यासारखी दिसे. शेवटी तिने आईच्या, बनुबाईच्या, डब्यात हात घातला आणि मूठभर नाचणी काढली. गोल, तांबूस, थेट आपल्या डोंगरावरून घरंगळणाऱ्या धोंड्यांसारखी. रंगसुद्धा लावायला नको. प्रत्येक पाटावर आठ-दहा दाणे ओल्या मातीत दाबले आणि पाट उन्हात खडखडीत वाळवले.

"ह्याला पाणी लावू नको," तिने बजावलं. का, ते प्रवीणने विचारलं नाही. डबा काखेत मारला आणि मुंबईच्या गाडीसाठी वीर स्टेशनची रिक्षा पकडली.

रविवारी सकाळी सारिका आणि बनुबाई पोलादपूरहून एसटीने महाडला उतरल्या. हॉलमध्ये औद्योगिक वसाहतीतली पोरं, मुंबईची पोरं, टेबलं, फौजा. सारिका सरळ आपल्या मावळ्यांपुढे गेली. कार्डावर लिहिलं होतं: रंगकाम, प्रवीण.

"पव्या, हे काय रे?"

"अगो सारे, फॉर्मवर एकच नाव चालतं यार. फौज माझी, फॉर्म माझा. तुला मस्त पार्टी देतो ना."

"पार्टी घाल चुलीत! शपथ कुठे गेली?"

"हळू बोल, जज येतायत. आणि हां, गवत भारी लावलंस. डबा उघडला तर मी उडालोच."

"मी कुठे गवत लावलं?"

तिने वाकून बघितलं. मावळ्यांच्या पायांशी पिवळट हिरवे, टोकदार, कोवळे कोंब उभे होते. काही तर गुडघ्यापर्यंत.

"पाणी मारलंस तू?"

"बुधवारी. व्हिडिओत सांगितलेलं, खडे पक्के बसायला फेविकॉलचं पाणी मारायचं. दोनदा चांगलं भिजवलं आणि डबा बंद केला. का गो?"

सारिकाच्या पोटात हसू फुटलं. तिने तोंड मिटलं आणि दोन पावलं मागे सरकली.

"गो, ही तर आपली ना..." बनुबाई म्हणाली.

"आये, गप. गंमत बघ."

परीक्षक होते कोंडाजी सुभेदार. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून गावी भातशेती करणारा माणूस. "बाहुल्या बघायला बोलावलंत काय मला?" असं सकाळी ते आयोजक विपुलवर डाफरले होते. पण मावळ्यांपुढे त्यांनी भिंग काढलं आणि ते तिथेच थांबले.

"ह्याचे पाय बघा. शाबास. आणि हा दोन रात्री झोपलेला नाय, डोळे सांगतात. हे डोळे कोणी आखले?"

प्रवीणने छातीवर हात ठेवला. अगदी सदूशेठसारखा. सारिकाच्या डोक्यात सणक गेली.

"आणि हे गवत?"

"इम्पोर्टेड आहे सर. जर्मनीचं."

"खडे?"

"ते पण जर्मनी."

कोंडाजींनी एक खडा नखाने उचकटला. खाली पांढरं मूळ लोंबत होतं. त्यांनी तो पुसला, तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"जर्मनीवाले नाचणी बरी पिकवतात," ते म्हणाले.

हॉल असा हसला की शेजारच्या टेबलावरचे दोन घोडेस्वार आडवे झाले.

"कोणाच्या घरची रे ही?"

प्रवीण उगाच कार्ड सरळ करायला लागला. पुढचे चार क्षण सारिकाचे होते. कारखान्यात असे क्षण तिने शेकड्यांनी वाया घालवले होते.

"आमच्या घरची," ती मोठ्याने म्हणाली. "नाचणी आमची, माती आमची, आणि डोळे माझे."

"हिने थोडी मदत केली सर," प्रवीण घाईने म्हणाला.

"थोडी काय? बरं. ह्या साठांत एक चकणा हाय. कुठला, सांग."

प्रवीण वाकला. पहिली रांग झाली, दुसरी झाली, कपाळावर घाम आला. सारिकाने टेबलाकडे पाठ केली.

"तिसरी रांग, उजवीकडून दुसरा," ती म्हणाली. "आणि तो चकणा नाय. बाजूवाल्याकडे बघतोय. बाजूवाल्याची पहिलीच लढाई हाय, म्हणून."

कोंडाजींनी भिंग लावलं. बराच वेळ लावलं. मग नाक शिंकरलं.

"खरं हाय. असंच बघतात."

निकाल लगेच लागला. दुसऱ्याने रंगवलेली फौज स्वतःची म्हणून मांडलेली, म्हणून बाद. ढाल भरत नावाच्या मुंबईच्या पोराच्या रणगाड्यांना. बनुबाई चिडली, "आमच्या पोरीचा काय गुन्हा?" पण कोंडाजी नियमाला नियम म्हणणारा माणूस. त्यांनी फक्त कार्ड उलटं केलं आणि सारिकापुढे पेन धरलं. तिने पेन घेतलं नाही. पिशवीतून आपला ब्रश काढला, कोणाच्या तरी बाटलीतला लाल रंग घेतला आणि लिहिलं: सारिका. खाली गावाचं नाव. सगळे थांबले होते, तरी तिने घाई केली नाही.

मग लढाई झाली. उगवलेली फौज प्रवीणनेच सरकवली, कारण फासे त्यालाच कळत. कोंब वाकला की बनुबाई ओरडे, "हळू रे मेल्या, पीक हाय ते!" मावळे जिंकले. प्रवीण फौज डब्यात भरताना पुटपुटला, "चुकलं गो." सारिका म्हणाली, "मोठ्याने बोल." तो मोठ्याने बोलला.

निघताना विपुलने विचारलं, चाळीस घोडेस्वार रंगवून देशील का?

"देईन. पण प्रत्येक पाटाखाली माझं नाव येणार."

"चालेल की. तेवढी नाचणी..."

"भाजून लावते."

"भाजू नको गो," मागून कोंडाजी म्हणाले. "आज तीच तुझ्या बाजूने बोलली."

एसटीत बसल्यावर सारिकाने ठरवलं. सोमवारी सदूशेठकडे पाटीवरच्या नावाचा विषय काढायचा. पहिल्या डोळ्याला ब्रश लागायच्या आधी. आणि नाचणी भाजायची, पण प्रत्येक पाटावर एक दाणा कच्चाच ठेवायचा.