आधीचं रक्त, नंतरचं रक्त

सही केली तर तपासनीसबाईंच्या पदरात तीन गोष्टी पडणार होत्या. पहिली, हुद्द्याच्या आधी ‘मुख्य’ हा शब्द. दुसरी, पुढच्या खोलीतली जागा, जिथे पंखा खडखडत नाही. तिसरी सगळ्यांत वजनदार: गोळ्यांच्या खोक्यावर ‘दावा तपासला’ या शब्दांखाली त्यांची सही छापली जाणार होती, आणि ते खोकं घरी सासऱ्यांच्या हातात पडणार होतं.

सासरे शिंपी. कोटाची काजं अजून हातानं करायचे. सुनेच्या नोकरीबद्दल अकरा वर्षांत त्यांनी एकच मत दिलं होतं. “कागद वाचायचा पगार देतात? मग मी रोज सकाळी पेपर फुकटच वाचतो म्हणायचा.”

बाईंची कंपनी जस्ताच्या गोळ्या विकायची. खोक्यावरचं एकेक वाक्य पुराव्याशी ताडून पाहायचं आणि न पटेल ते लाल पेनानं उडवायचं, हे बाईंचं काम. ‘दहा दिवसांत केस दाट.’ कुणाचे? विचारलं तर जाहिरात खात्याच्या साहेबांच्या मेव्हण्याचे. काट. ‘समुद्राच्या पोटातलं खनिज.’ माल येत होता पत्र्याच्या पिंपातून. काट. असं करता करता एकच वाक्य उरलं: ‘कितीही घ्या, अतिरेक होत नाही. शरीर हवं तेवढंच जस्त ठेवतं, बाकीचं बाहेर टाकतं.’

“याला आधार?” बाईंनी विचारलं.

“चाळीस माणसं, तीन महिने,” साहेब म्हणाले. “गोळ्या सुरू करायच्या आधीचं रक्त आणि नंतरचं रक्त. जस्त जिथल्या तिथे. बघा की, तुमच्याच तक्त्यावर आहे सगळं.”

बाईंनी ऐंशीच्या ऐंशी आकडे तपासले. सरासरी हातानं काढली, वर साहेबांची एक चूकही पकडली. इतकं केल्यावर सही करायला हात कचरेलच कशाला?

सासऱ्यांनी खोकं चष्म्याजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. “सही वळणदार आहे,” म्हणाले. बाई त्या दिवशी भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होत्या.

खोकं शिलाईयंत्राशेजारी विराजमान झालं. माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवलं जाई. सकाळी एक गोळी असायची, तिला दुपारची जोड मिळाली, मग संध्याकाळची, आणि झोपताना आणखी एक. कुणी हटकलं तर उत्तर तयार: “अतिरेक होत नाही असं आमच्या सूनबाईंनी लिहून दिलंय.” हे बाईंच्या कानावर येत होतं. आणि खरं सांगायचं तर, आवडत होतं.

नऊ महिन्यांनी सासऱ्यांच्या पायातली चप्पल निसटायला लागली आणि त्यांना ते कळेना. मग काजं वाकडी यायला लागली. गिऱ्हाइकांनी सांभाळून घेतलं. एका सकाळी ते पांढरं अस्तर टाचत बसले होते. बाई डबा घ्यायला आत आल्या आणि ओरडल्या, “बाबा, रक्त!”

सासऱ्यांनी अस्तरावरचा लाल डाग पाहिला. “कुणाचं?” त्यांनी विचारलं.

सुई त्यांच्या बोटात होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पाय ठोकून पाहिले, बोटं टोचून पाहिली. “आजोबा, काही औषधं, गोळ्या?”

“औषध नाही हो. ताकदीच्या गोळ्या. रोज चार.”

“चार? कुणी सांगितलं?”

सासऱ्यांनी पिशवीतून खोकं काढलं आणि सहीवर बोट ठेवलं. “ही काय इथेच बसलीय सही करणारी!”

आवाजात अजून अभिमानच होता. डॉक्टरीणबाईंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं जमिनीकडे.

“रक्तातलं जस्त आणि तांबं बघू,” त्या म्हणाल्या. नर्सनं ट्रेमधली नळी उचलली, तशी त्यांनी तिला थांबवलं. “अगं, ही नको, हिला रबराचं बूच आहे. निळ्या झाकणाची घे.”

“बुचानं काय होतं?” बाईंनी विचारलं.

“रबरात जस्त असतं. ते रक्तात उतरतं आणि आकडा फुगतो. निळ्या झाकणात ते नसतं.”

बाईंचा धक्का लागून खोकं खाली पडलं. गोळ्या फरशीभर पांगल्या आणि उचलायला कुणीच वाकलं नाही.

कंपनीत रक्त काढणाऱ्या पोराला सगळे ‘डास’ म्हणत. बाई दवाखान्यातून थेट त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. “आधीचं रक्त कुठल्या नळ्यांत घेतलंस?”

“साध्या, बुचाच्या. निळ्या उशिरा आल्या ना. नंतरचं सगळं निळ्यांत घेतलं, अगदी नियमानं.”

म्हणजे आधीचा आकडा बुचानं फुगवलेला आणि नंतरचा खरा. गोळ्यांनी वाढलेलं जस्त त्या फुगवट्याखाली झाकून गेलं होतं.

“आणि हे मला सांगावंसं वाटलं नाही?”

“सांगणार कुठे, बाई? तक्त्यावर नळीचा रकानाच नव्हता.”

तक्ता बाईंनीच आखलेला. आधी त्यात रकाना होता. सगळं एका पानात मावावं म्हणून त्यांनी स्वतः उडवला होता. लाल पेनानं.

त्या तशाच साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. “बेरीज चुकलीय का?”

“नाही.”

“आकडे खोटे आहेत?”

“नाही.”

“मग बाई, घाबरता कशाला?”

“साहेब, तुम्ही घेता या गोळ्या?”

“मी?” साहेब दचकले. “मला कशाला लागतात!”

बाईंनी सही मागे घेतली, आणि माल परत पाठवा अशी चिठ्ठी साहेबांना न विचारता प्रत्येक दुकानाला धाडली.

तपासणीचा कागद आला. जस्त भरमसाट, तांबं जवळजवळ नाहीच. “जस्त फार झालं की आतडी तांबं आत घेत नाहीत, आणि तांब्यावाचून नसा मरगळतात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “गोळ्या आजपासून बंद. रक्त सुधारेल. बोटांचं सांगत नाही.”

घरी बाईंनी सासऱ्यांना सगळं सांगितलं: नळी, बूच, रकाना.

“पण बेरीज बरोबर होती ना तुझी?”

“होती, बाबा.”

“मला वाटलंच,” ते म्हणाले, आणि उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत राहिले.

आता कुणाच्या पदरात काय पडलं ते पाहू. कंपनीच्या पदरात नवीन खोकं पडलं. त्यावर बारीक अक्षरांत ‘दिवसाला एकच’ आहे आणि खाली दुसऱ्याच कुणाची सही. साहेबांच्या पदरात काही पडलं नाही. डासाला प्रत्येक नळीचा रंग लिहायचं काम पडलं. बाईंची नोकरी गेली. आणखी किती घरांत दिवसाला चार गोळ्या जात होत्या, हे कुणी मोजलेलं नाही. सासऱ्यांचे पाय वर्षभरात सुधारले. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याशेजारचं बोट मात्र बधिर झालं ते कायमचंच, आणि त्या दोघांवाचून काज होत नाही.