दंडाच्या आतली कातडी

शिलाईचं काम बाजूला ठेवून ती लेकीला घेऊन कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. लेकीच्या गालांवर लाल चट्टे होते, सांधे धरले होते. चट्ट्याचा तुकडा तपासून ल्युपस, म्हणजे शरीर स्वतःवरच उलटण्याचा आजार, ठरला होता, पण तो कातडीपुरता आहे की सगळ्या अंगात भिनलाय, हे रक्त तपासूनही उलगडेना. म्हणून डॉक्टरीणबाईंना दंडाच्या आतल्या, ऊन न लागलेल्या चांगल्या कातडीचा मसुराएवढा तुकडा हवा होता. त्यावर चमकणारं औषध घालून खास सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. तिथंही कातडीच्या थरांमध्ये हिरवी रेघ उजळली, तर दुखणं आत पोचल्याची शंका बळावते आणि मूत्रपिंडं वेळीच सांभाळता येतात.

तिला चटकन समजलं. कापड नुसतं उन्हानं विटलंय की मुळातच कुजलंय, हे तीही शिवण उसवून आतूनच बघायची.

घरी तिच्या सासूनं, आत्याबाईंनी, कपाळाला हात लावला. तोंड गेलंच आहे, निदान अंग तरी बिनडागाचं राहू दे, म्हणाल्या. पुढच्या महिन्यात मुलाकडचे येणार होते. गालाला पावडर फासता येते, दंडावरचा व्रण नवऱ्यापासून कसा लपवणार? पोरीचं अंग म्हणजे यांच्या लेखी दुकानातलं कापडाचं ठाण! बापानं वर्तमानपत्रातून मान वर केली.

"लग्न होऊ दे, मग काय कापायचं ते कापा."

आईनं तोंडात मिठाची गुळणी धरली. ती बोलली असती, तर ही गोष्ट लिहावी लागली नसती.

लग्न झालं. काही महिन्यांत लेकीचे पाय सुजले, चेहरा सुजला, आणि तुकडा तेव्हा काढला गेला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. काळोखात हिरवी रेघ. छान दिसते, एवढंच आईच्या मनात आलं. मूत्रपिंडं बरीचशी गेली होती. सासरच्यांनी मुलगी परत पाठवली. घरात कुणी रडलं नाही. मशीन चालत राहिलं. सुई बोटात घुसली, तेही तिला रक्त कापडावर उतरल्यावर कळलं.

एकदा लेकीनं बाही वर केली.

"आई, एवढासाच तर व्रण आहे गं."

आईनं तिची बाही खाली ओढली.

मग एक गिऱ्हाईक आलं. मुलीच्या हातांवर चट्टे उठलेत, बघायला येणारेत, बाह्या मनगटापर्यंत हव्यात, असं ती बाई हळूच म्हणाली. आईनं टेप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि आतल्या खोलीकडे पाहून लेकीला हाक मारली.

"बाहेर ये गं. यांना तुझा दंड दाखव."