कडेला कड

आईने चादरीची दोन टोकं धाकट्या मुलाच्या हातात कोंबली आणि दोन सुनेच्या.

"ओढा," ती म्हणाली. "आणि तोंडं बंद."

धाकटा आणि त्याची बायको दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. किल्ली कुठे आहे, बिल कुणी भरायचं, सगळे निरोप आईमार्फत चालले होते, आणि या वयात आईला टपालखात्यात नोकरी धरायची नव्हती.

घर लाँड्रीचं. वर बिऱ्हाड, खाली यंत्रं. इस्पितळाच्या आणि दोन लॉजच्या चादरी रोज ढिगाने यायच्या. बत्तीस वर्षांपूर्वी नवऱ्याची आणि दिराची जुंपली, तेव्हा आईने पहिल्यांदा दोघांच्या हातात अशी चादर दिली होती. मोठ्या चादरीची घडी एकट्याच्याने होत नाही. दोघांनी ओढायची, झटकायची, कडेला कड लावायची आणि मग एकमेकांच्या दिशेने चालत यायचं. शेवटच्या घडीला हाताला हात लागतोच. लागला की भांडण संपलं. पुढे त्या भांडणाचा 'भ' सुद्धा कुणी काढायचा नाही. ती युक्ती त्या दिवशी लागू पडली आणि घराचा रिवाज होऊन बसली. मुलगे, सुना, इस्त्रीवाले, झाडूवाली, सगळे आपापल्या वेळी त्या चादरीला लागले होते. आई तेवढी कधीच नाही. मी भांडत नाही, ती म्हणायची, मी सांगते.

सुना पाठीमागे तिला 'सरकार' म्हणत. आईला ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

आज मात्र सरकारच्या जिभेला सकाळपासून लगाम होता. इस्त्रीच्या टेबलाला टेकून लेक उभी होती. सात वर्षांनी आली होती. सकाळच्या गाडीने आली, सहाच्या गाडीने परत जाणार. केस आखूड केले होते, अंगावर मांस नव्हतं, आणि आईने त्या दोन्हींबद्दल अजून एक अक्षर काढलं नव्हतं. तिला एकच हवं होतं. जाताना पोरीने "पुन्हा येईन" म्हणावं. आपणहून. मागून घेतलेलं आईला आयुष्यात कधी गोड लागलं नव्हतं.

सात वर्षांपूर्वी एका दुपारी लेक बॅग घेऊन याच दारात आली होती. तासाभरात मागोमाग जावई. आईने विचारपूस केली नाही, रिवाजाप्रमाणे दोघांच्या हातात चादर दिली. चादर झाली, हाताला हात लागला, आणि दिवेलागणीला लेक त्याच्याबरोबर परत गेली. दोन वर्षांनी तिने त्याला सोडलं ते एकटीनेच. माहेरी आली नाही. दुसऱ्या गावात खोली घेतली, औषधांच्या दुकानात कामाला लागली. फोन यायचा. बरी आहे, एवढं सांगून ठेवला जायचा.

"ओढ ना," धाकटा पुटपुटला.

सुनेने टोकं धरली होती, पण ओढत नव्हती. मान खाली.

"भांडण कशावरून झालं?" लेकीने विचारलं.

इस्त्रीवाल्याचा हात थांबला. बत्तीस वर्षांत हा प्रश्न या खोलीत कुणी विचारला नव्हता. धाकट्याने आईकडे पाहिलं. आईने जीभ दाताखाली धरली.

"यांनी चारचौघांत सांगितलं," सून म्हणाली, "की मी घोरते."

"घोरतेच."

"घोरते. पण चारचौघांत कशाला?"

इस्त्रीवाल्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. लेक मात्र हसली नाही. आधी माफी माग, मग चादर ओढ, असं तिने भावाला सांगितलं. त्याने मागितली, ओठातल्या ओठात, पण मागितली. मग चादर अशी ताणली गेली की फाटते की काय असं वाटलं. घडी झाल्यावर दोघं चहा टाकायला म्हणून वर पळाली. जिन्यात सून म्हणत होती, रात्री रेकॉर्ड करून ऐकवा, मग मानेन. इस्त्रीवालाही बिडीचं निमित्त करून बाहेर सटकला.

उरल्या मायलेकी आणि पाच-सात चादरी.

"चल, एवढ्या उरकून टाकू," लेक म्हणाली आणि दोन टोकं उचलून तिने मागे पावलं टाकली.

पहिली चादर मुकाट्याने झाली. दुसरी निम्म्यावर आली असताना लेक बोलू लागली. आईकडे न पाहता, कडेवरून अंगठा फिरवत. म्हणाली, खूप राग होता. त्याच्यावर होता त्याहून तुझ्यावर जास्त. रात्ररात्र मनातल्या मनात तुझ्याशी भांडायचे, आणि तिथेही तूच जिंकायचीस.

आईने आपल्याकडची कड जुळवून घेतली.

"मग एक दिवस वाटलं, आईला कुठे काय माहीत होतं? मी तोंडच उघडलं नव्हतं. तुला कळलं असतं, तर तू त्याला दारात उभं केलं नसतंस." लेकीचा आवाज हलका झाला होता. "उगाच इतकी वर्षं घालवली. आता येत जाईन मी."

झालं. जे हवं होतं ते न मागता पदरात पडलं होतं. आता फक्त गप्प राहायचं. चादर हातात असताना गप्प राहायचं, हा तर आईचाच कायदा. शेवटची घडी, हाताला हात, की त्याचा 'भ' कुणी काढणार नव्हतं.

आईला ती दुपार दिसत होती. लेकीने आणि जावयाने चादर झटकायला हात वर केले, आणि लेकीची बाही कोपरापर्यंत घसरली. कोपराच्या खाली चार बोटं उमटलेली, निळी-काळी, आणि मागच्या बाजूला अंगठा. आई हातभर अंतरावर होती. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, इस्त्रीवाले कान टवकारून होते, आणि सरकारची मुलगी परत आली असं गावभर व्हायला तासही लागला नसता. "कडेला कड लाव, पोरी," आई म्हणाली होती.

"पुढे ये ना," आत्ता लेक म्हणत होती. "एकच घडी राहिली."

"बाही वर गेली होती तुझी," आई म्हणाली.

लेकीने मनगटाकडे पाहिलं. "आत्ता?"

"तेव्हा. चादर झटकताना. मी पाहिलं होतं."

वरून कपबशांचा आवाज आला. दोघींमध्ये तीन पावलांचं अंतर होतं, आणि तेवढ्यात चादर मधोमध सैल पडली. ताण, असं म्हणायची आईला सवय होती. ती म्हणाली नाही. तिचे हात खांद्यापासून भरून आले होते, पण ती तशीच उभी राहिली, टोकं धरून.

लेकीने तिची टोकं सोडली नव्हती. ती पुढेही आली नव्हती.