टाकीतलं तीर्थ

दसऱ्याच्या सकाळी किन्हवलीच्या फाट्यावर गाडीबाबाच्या मठापुढे वाहनांची रांग लागली होती. रिक्षा होत्या, मोटारसायकली होत्या, झेंडूच्या माळा होत्या आणि सगळ्यांत पुढे सोनाळकर साहेबांची लालभडक परदेशी गाडी होती. साहेब ठाण्याचे, शिक्षणाने इंजिनियर, मुरबाडकडे त्यांचं फार्महाउस. मोकळ्या रस्त्यावर ती गाडी दोनशेच्या पुढे पळते असं म्हणत. आमच्या रस्त्यांवर मात्र तिला म्हशीमागून चालावं लागे. किन्हवलीत माझा छोटासा दवाखाना आहे. त्या दिवशी एकही पेशंट फिरकेना, तेव्हा सगळं गाव गेलंय तरी कुठे ते पाहायला मी मठात गेलो.

बाबा भगव्या कफनीत, पाटावर उभा. नुकतंच कुठे पेट्रोलात इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली होती. ते उसाच्या मळीपासून करतात आणि ते अल्कोहोलच असतं, एवढं खरं. त्या शितावर बाबाने अख्खी हंडी शिजवली होती. "तुमच्या पेट्रोलात दारू आहे," तो गरजत होता. "माणूस दारू पिऊन गटारात पडतो. मग तुमची गाडी दरीत पडणार नाही कशावरून?" मग त्याने काचेची लांब नळी वर धरली. तळाशी तीर्थ, वर पेट्रोल. नळी हलवली, डोळे मिटून कसलासा इंधनमंत्र पुटपुटला आणि ती स्थिर धरली. तळाचं पाणी खरोखरच वर चढलं होतं. बाबा म्हणाला, तीर्थाने दारूचं पाप ओढून घेतलं. लोकांनी हात जोडले. हात जोडणाऱ्यांत इंजिनियर साहेबही होते, आणि माझं डोकं तिथेच तापलं.

या साहेबांना कुणीतरी सांगितलं होतं की हे नवं पेट्रोल भारी गाडीचं इंजिन खाऊन टाकतं. कंपनीला विचारलं नाही, मेकॅनिकला विचारलं नाही, थेट बाबाचे पाय धरले. महिनाभर बाबा त्यांच्या टाकीत पळीपळीने तीर्थ टाकत होता. तेवढ्याने इंजिनाचं काही बिघडलं नाही, म्हणून तीर्थाचा महिमा वाढला. दसऱ्याला वाहनाची पूजा सगळेच करतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. त्यात वाईट काही नाही. आमच्याकडे मात्र देवाला दाखवतात तसा नैवेद्य गाडीला पाजायची नवी चाल बाबाने पाडली. त्या दिवशी सणाचं म्हणून त्याने पळी बाजूला ठेवली आणि लाल गाडीच्या टाकीत तांब्या उपडा केला. मी साहेबांना म्हटलं, असलं काही करू नका. ते हसले आणि म्हणाले, डॉक्टर, तुम्ही माणसांचं बघा.

दुपारी मला माणसांचंच बघावं लागलं. पाड्यावरच्या बुधूने बायकोला खांद्यावर घालून आणलं. सणाचा दिवस असला तरी लवकर येणारं हळवं भात पिकून आडवं पडलं होतं, म्हणून सुंदरा सकाळपासून कापणीला होती. भारा उचलताना घोणस उजव्या हाताला डसली. हात कोपरापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त येत होतं. सापावरची लस माझ्याकडे नव्हती. ती शहापूरच्या मोठ्या दवाखान्यात होती आणि जितक्या लवकर तिथे पोचू तितकं बरं होतं.

सकाळच्या रिक्षा पूजा आटोपून पांगल्या होत्या, जीपवाले सणामुळे आपापल्या गावी होते. फाट्यावर उभी होती ती लाल गाडी. साहेबांचं एक मात्र मानलं पाहिजे, क्षणभरही मागेपुढे न पाहता त्यांनी दार उघडलं. सुंदराला पुढे बसवलं, मी आणि बुधू मागच्या चिंचोळ्या बाकावर कोंबून बसलो. बुधूच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदाच धीर आला.

"घाबरू नको गो," तो बायकोला म्हणाला. "गाडी पोटभर तीर्थ पिलीय. आता ती शहापूरबिगर थांबायची नाय."

पहिल्याच मोठ्या चढणीवर गाडीने आचके दिले आणि ती थांबली. साहेबांनी पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला. मग त्यांनी काय करावं? आरशाला टांगलेल्या बाबाच्या फोटोला हात जोडले. मी आयुष्यात पेशंटसमोर कधी शिवी दिली नव्हती, ती त्या दिवशी दिली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुंदरा हात छातीशी धरून कण्हत होती आणि बुधू गाडी ढकलत होता, एकटा, चढणीवर. किती तरी वेळाने गवताच्या गाठी नेणारा डिझेलचा टेम्पो आला. त्याच्या टाकीला कुणी नैवेद्य दाखवला नव्हता, म्हणून तो चालत होता. त्या गवतावर झोपवून आम्ही तिला नेलं.

सुंदरा वाचली. उजव्या हाताची बोटं मात्र सडली आणि काढावी लागली. तासभर आधी आला असतात तर कदाचित वाचली असती, असं तिथले डॉक्टर म्हणाले. बाबाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, श्रद्धा कमी पडली.

हे ऐकून हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या दीप्तीबाई भर दर्शनाच्या वेळी मठात गेल्या. मी सोबत होतो. हाताला बँडेज बांधलेली सुंदरा आणि बुधू मागे उभे होते. बाईंनी शाळेतली खुणा असलेली काचेची नळी काढली. तळाशी शाळेच्या नळाचं पाणी घेतलं, वर पंपावरचं ताजं पेट्रोल ओतलं आणि नळी हलवून ठेवून दिली. मंत्र नाही, तीर्थ नाही. पाणी तरीही खुणेच्या वर चढलं. गर्दीत कुजबुज सुरू झाली.

मग बाईंनी वरचं पेट्रोल अलगद दुसऱ्या नळीत ओतून घेतलं, त्याखाली बाबाच्याच तांब्यातलं तीर्थ सोडलं आणि नळी त्याच्यापुढे धरली. म्हणाल्या, आता तुमचा मंत्र म्हणा आणि हे वाढवून दाखवा.

सगळे बघत होते, नाही म्हणायची सोय नव्हती. बाबाने मंत्र म्हटला, दोनदा म्हटला, घाम फुटेपर्यंत नळी हलवली. तीर्थ जिथे होतं तिथेच राहिलं.

"कसं वाढेल?" बाई म्हणाल्या. "अल्कोहोलला पेट्रोलपेक्षा पाणी जवळचं. पाणी दिसलं की ते पेट्रोल सोडून त्यात उतरतं, म्हणून पाणी वाढल्यासारखं दिसतं. या पेट्रोलातलं अल्कोहोल मी आधीच नळाच्या पाण्याने काढून घेतलंय. आता उतरायला काही उरलंच नाही."

पळीभर पाणी तेवढ्या पेट्रोलात जिरून जातं, तांब्याभर जिरत नाही, हेही त्यांनी सांगितलं. न जिरलेलं पाणी अल्कोहोल ओढून घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन तळातूनच पितं. मग बाई गर्दीत उभ्या असलेल्या साहेबांकडे वळल्या. लाल गाडीच्या टाकीच्या झाकणावर कंपनीनेच लिहिलं होतं की दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल चालेल. पंपावर मिळत होतं ते पाच टक्क्यांचं. म्हणजे नवं पेट्रोल त्या गाडीला मुळीच बाधणार नव्हतं, पाणीच बाधलं. साहेबांनी रोज झाकण उघडलं आणि कधी वाचलं नाही.

गर्दीतला एक रिक्षावाला तेव्हा बोलला. हा बाबा पूर्वी भिवंडीकडे एका पंपावर कामाला होता, आणि नवं पेट्रोल आल्यावर टाकीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका असं तेल कंपनीच्या लोकांनी तिथे सगळ्यांना असल्याच नळीने शिकवलं होतं. म्हणजे याला ठाऊक होतं. ठाऊक असून याने तांब्या उपडा केला. फसलेल्या माणसाची मला कीव येते, पण या माणसाबद्दल आजही माझ्या मनात संतापाशिवाय काही नाही.

बाबा पुन्हा श्रद्धेचं काहीतरी बोलू लागला. तेव्हा सुंदरा पुढे आली. तिने बँडेजचा हात त्याच्यासमोर धरला.

"श्रद्धा माझी कमी नव्हती," ती म्हणाली. "तुज्या तीर्थाच्या गाडीत बसलो तवा आमी दोगं तुजंच नाव घेत होतो. तुला म्हाईत होतं, तरी तू पानी घातलंस."

पोलिसांत तक्रार झाली, पण बाबा त्याआधीच मठाला कुलूप लावून पळाला. आणखी कुठल्या फाट्यावर तो दुसऱ्या नावाने बसला असेल, म्हणून हे लिहितोय. तुमच्यासमोर कुणी चमत्कार केला तर हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, साध्या पाण्याने करून दाखव, मंत्राशिवाय करून दाखव. खऱ्या गोष्टीचं विचारण्याने काही बिघडत नाही.

पुढच्या दसऱ्याला मी पाड्यावर गेलो होतो. अंगणात बुधूने अवजारं मांडली होती, नांगर, कोयता आणि सुंदराचा विळा. तिने डाव्या हाताने विळ्याला हळदकुंकू लावलं. मग तो उचलून बुधूच्या हातात दिला, कारण कापणी आता त्याला एकट्यालाच करायची होती.