बुटात फुंकलेला वेग
मैदानावर सकाळी सकाळी रांग लागली होती. सगळे अनवाणी, बूट छातीशी धरून: दातांचे डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, शिंपीकाका. वेगमहाराज एकेका बुटात फुंकर मारायचे, कान लावून ऐकायचे आणि सांगायचे, "जागा झाला." मग माणूस कोपऱ्यातल्या झेंड्याला वळसा घालून येई, घड्याळ बघे आणि महाराजांपुढे लोटांगण घाली. रोज कालच्यापेक्षा कमी वेळ! मॅनेजरसाहेबांचा हिशोब तर असा, की आठवड्याभरात ते निघण्याआधीच पोहोचतील.

पिटुकलीच्या आईला मात्र हसू येत नव्हतं. तिचा नवराही याच रांगेतला; तो बूट उशीवर घेऊन झोपायचा, जागे बूट जमिनीवर रुसतात म्हणे. तेही तिनं चालवून घेतलं असतं. पण त्याचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता, रविवारी मोठी शर्यत होती, आणि महाराज म्हणत, तो आळस बाहेर पडतोय, अडवू नका.

त्याला घरी न्यायला म्हणून ती बाबागाडी ढकलत आली. पिटुकलीला झोपवायला ती रोज संध्याकाळच्या अंधारात याच वाटेनं, पहिल्या दिवशी झेंड्याला घातलेल्या वळशावरूनच फिरायची. ओल्या मातीत चाकांची चाकोरी पडली होती. आज झेंड्यापाशी ती थबकली. चाकोरी इथे वळतच नव्हती. बरीच पुढे जाऊन वळली होती, आणि तिथून झेंड्यापर्यंत मातीत काठीची भोकं होती, ओळीनं.

"ताई, चाकोरीबाहेर पडा," महाराज ओरडले. "तिथे वेग सापडतो."

"चाकोरीच सांगतेय, महाराज. झेंडा रोज थोडा अलीकडे येतोय."

"त्यालाही फुंकर लागली असेल," शिंपीकाका पुटपुटले.

तिनं झेंडा उपटला आणि पार पलीकडच्या भोकात रोवला. मॅनेजरसाहेब ताज्या फुंकरीनिशी धावले, घड्याळ बघितलं आणि मटकन खाली बसले. पहिल्या दिवशी लागला होता तेवढाच वेळ. तोवर महाराजांनी स्वतःचे बूट हातात घेऊन, न फुंकताच फाटक गाठलं होतं.

"वेळ कमी झाला की आधी अंतर मोजा," ती लोकांना म्हणाली. "पाया नंतरही पडता येतं."

नवरा खाली मान घालून उभा होता. "म्हणजे मी सुधारलोच नाही?"

तिनं त्याच्या गुडघ्यावर अलगद हात ठेवला. "सुधारशील रे. धावताना गप्पा मारता येतील इतकंच पळ, मध्ये पायांना सुट्टी दे. आणि दुखलं की थांब. दुखणं आपलंच असतं, त्याचा अर्थ दुसऱ्याच्या तोंडून कशाला ऐकायचा?"

तो तिच्या खांद्यावर भार टाकून दवाखान्याकडे निघाला.

"जरा हळू चाल," तो म्हणाला.